अधिवृक्क ग्रंथीचा कर्करोग : रुग्णाचा आधार आणि संशोधनाची वाट

स्मरणिकांमधून आरोग्यावर लेख येतात ते बहुधा क्षय, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग अशा घरोघरी आढळणाऱ्या रोगांवर. ते योग्यच आहे. येथे मात्र आम्ही मुद्दाम असा रोग निवडला आहे, की जो वर्षाकाठी दहा लाख लोकांमागे एखाद-दुसऱ्यालाच होतो. इतक्या थोड्यांसाठी इतकी पाने कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की, ज्याला हा रोग होतो त्याच्या वाट्याला दोन दुःखे येतात. एक रोगाचे आणि दुसरे एकटेपणाचे. त्याच्या गावच्या डॉक्टरांनी असा रुग्ण पूर्वी पाहिलेला नसतो, शेजाऱ्यांनी रोगाचे नाव ऐकलेले नसते, आणि जे मुख्य औषध आहे ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. शिवाय या रोगाविषयी आज जे काही ज्ञान आहे, ते रुग्णांनीच आपली गाठ, आपले रक्त आणि आपल्या केसपेपरांतील नोंदी देऊन उभे केले आहे. म्हणून येथे रुग्णाला सांभाळणे आणि संशोधनाला हातभार लावणे ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

थोडा हिशेब करून पाहू. युरोप-अमेरिकेतील आकडेवारीप्रमाणे दर दहा लाखांमागे वर्षाला ०.७ ते २ नवे रुग्ण आढळतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या पुढे होती. तेच प्रमाण येथे धरले तर राज्यात दरवर्षी सुमारे ८० ते २२५ माणसे या रोगाच्या तावडीत सापडतात. हा केवळ गुणाकार आहे, मोजणी नव्हे. पण दहा लाखांत एक म्हणजे जवळजवळ नाहीच, असे मानणाऱ्यांनी हा गुणाकार लक्षात ठेवावा.

ही ग्रंथी कोठे असते?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, त्यावर असणारी ती अधिवृक्क ग्रंथी. डॉक्टर मंडळी तिला ॲड्रिनल म्हणतात. तिच्या बाहेरच्या सालीत, म्हणजे बाह्यकात, तीन प्रकारची संप्रेरके तयार होतात. ॲल्डोस्टेरॉन हे मीठ-पाण्याचा व रक्तदाबाचा तोल राखते. कॉर्टिसॉल हे आजारपण, उपास, अपघात, शस्त्रक्रिया अशा प्रत्येक ताणाच्या वेळी शरीराला उभे धरते. तिसऱ्या प्रकारात पुरुषी गुणधर्माची संप्रेरके येतात, आणि ती स्त्रियांतही थोड्या प्रमाणात असतात. ग्रंथीच्या गाभ्यात ॲड्रिनॅलिन तयार होते, पण गाभ्याच्या गाठी हा निराळा विषय आहे. १८५५ साली लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी ही ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचे वर्णन केले, तेव्हा कोठे जगाला कळले की हा चार ग्रॅमचा तुकडा गेला तर माणूस जगत नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे औषधाविषयी बोलताना तिची गरज पडणार आहे.

बाह्यकातील पेशी बेसुमार वाढू लागल्या म्हणजे हा कर्करोग होतो. तो पाच वर्षांखालील बालकांत आणि चाळिशी-पन्नाशीच्या माणसांत अधिक दिसतो, व पुरुषांपेक्षा स्त्रियांत थोडा जास्त. तो संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे काहीही कारण नाही.

लक्षणे आणि लाज

निम्म्याहून अधिक रुग्णांत ही गाठ स्वतःच संप्रेरके ओतू लागते. कॉर्टिसॉल वाढले की चेहरा वाटोळा होतो, पोट सुटते पण हातपाय काटकुळे होतात, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, रक्तदाब आणि साखर एकदम वाढते, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. पुरुषी संप्रेरके वाढली की स्त्रीच्या ओठावर व हनुवटीवर केस येतात, पाळी थांबते, आवाज घोगरा होतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला जांघेत केस येतात, अंगाला मोठ्या माणसासारखा घामाचा वास येतो, तोंडावर मुरुमे उठतात, ते भराभर उंच होते. उरलेल्या रुग्णांत यातले काहीच नसते. गाठ वाढून पोटात किंवा पाठीत दुखू लागते, तेव्हाच कळते.

येथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. हनुवटीवर केस आलेली मुलगी चार महिने तोंडाला पदर लावून घरात बसते. घरचे म्हणतात, लग्न ठरायचे आहे, बोभाटा नको. लहान मुलाच्या बाबतीत कोणी बाहेरची बाधा सांगतो, अंगारा लावतो. यात जे महिने जातात ते परत मिळत नाहीत. गाठ ग्रंथीपुरती असताना काढली तर निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. ती फुप्फुसांत किंवा यकृतात पसरल्यावर हे प्रमाण फारच खाली येते. ही लक्षणे वर्षानुवर्षे मंद गतीने वाढत असतील तर कारण बहुधा साधे असते. काही महिन्यांत झपाट्याने दिसू लागली तर मात्र थांबू नये.

दुसऱ्या बाजूचेही सांगतो, म्हणजे उगाच भीती पसरणार नाही. दुसऱ्याच कारणासाठी पोटाचा सी.टी. स्कॅन केला आणि त्यात अधिवृक्क ग्रंथीवर गाठ दिसली, असे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडते. त्यांतील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. गाठ चार सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, स्कॅनमधील तिची घनता जास्त असेल किंवा ती संप्रेरके सोडीत असेल, तर पुढील तपास लागतो.

पहिली शस्त्रक्रिया

तपासात रक्त व लघवीतील संप्रेरके मोजतात आणि पोटाचा व छातीचा स्कॅन करतात. सुई घालून गाठीचा तुकडा काढण्याची घाई येथे सहसा करीत नाहीत. सुईच्या तुकड्यावरून साधी गाठ आणि कर्करोग यांतील भेद खात्रीने कळत नाही, आणि गाठ गाभ्यातील ॲड्रिनॅलिनची निघाली तर सुई लावताच रक्तदाब भडकून प्राणावर बेतू शकते. म्हणून तीही शक्यता आधी रक्त-लघवीच्या तपासणीने दूर करतात.

खरा उपचार एकच, तो म्हणजे गाठ तिच्या आवरणासकट, न फोडता, संपूर्ण काढणे. ती पोटात फुटली तर पेशी सांडतात आणि रोग परत उद्भवतो. पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत मोठी संधी होय. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की, अधिवृक्क ग्रंथीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हातून वर्षाला निदान सहा तरी अशा शस्त्रक्रिया झालेल्या असाव्यात, आणि कर्करोगाचा संशय असल्यास वीसहून अधिक असणे इष्ट. आपल्याकडे रुग्णाचे नातेवाईक खर्च किती, दिवस किती, हे विचारतात. "डॉक्टरसाहेब, अशी किती ऑपरेशने आपण वर्षाला करता?" हे विचारायला संकोचतात. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. जाणकार शल्यविशारद त्याचे सरळ उत्तर देतात, आणि गरज वाटल्यास स्वतःच मोठ्या केंद्राकडे चिठ्ठी देतात.

फवारणीच्या पावडरीचे भावंड

आता औषधाविषयी. त्याचे नाव मायटोटेन. त्याची जन्मकथा चमत्कारिक आहे. मलेरियाच्या फवारणीमुळे डी.डी.टी. हे नाव आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांना परिचित आहे. त्याचेच एक भावंड डी.डी.डी. १९४९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील नेल्सन आणि वुडर्ड यांनी प्रसिद्ध केले की, हे रसायन दिलेल्या कुत्र्यांच्या अधिवृक्क ग्रंथीचे बाह्यक झडून जाते. विष म्हणून जे नोंदले गेले, त्यातूनच औषधाची कल्पना निघाली. १९६० च्या सुमारास त्यातील एक विशिष्ट रूप या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आले आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. (फवारणीमुळे हा कर्करोग होतो, असा अर्थ यातून कोणी काढू नये.)

मायटोटेन हे चरबीत मुरणारे औषध आहे. रक्तातील त्याची पातळी लिटरमागे १४ ते २० मिलिग्रॅम असावी लागते. तेथवर पोहोचायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. पातळी कमी पडली तर गुण येत नाही. जास्त झाली तर चक्कर येते, तोल जातो, बोलणे अडखळते. मळमळ व जुलाब तर बहुतेकांना होतातच. म्हणून गोळ्या मोजून देणे पुरत नाही, रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते.

आता मघाची गोष्ट आठवावी. हे औषध कर्करोगाच्या पेशींबरोबर शिल्लक राहिलेल्या चांगल्या ग्रंथीचेही बाह्यक मारते. म्हणजे रुग्णाला ॲडिसनने वर्णिलेली अवस्था उपचारानेच येते. त्यासाठी हायड्रोकॉर्टिझोनच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. मायटोटेनमुळे त्या गोळ्यांचा अंमलही लवकर ओसरतो, त्यामुळे मात्रा नेहमीपेक्षा जास्त लागते. मायटोटेन बंद केल्यावरही ते चरबीत महिनोन्‌महिने टिकते, म्हणून हायड्रोकॉर्टिझोन आपल्या मनाने थांबवता येत नाही. ज्यांच्या गाठीतून कॉर्टिसॉल पाझरत होते, त्यांची दुसऱ्या बाजूची ग्रंथी सुस्तावलेली असते. त्यांनाही शस्त्रक्रियेनंतर काही महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, या गोळ्या लागतात.

समजा, अशा रुग्णाला ताप आला, जुलाब लागले, उलट्या सुरू झाल्या. घरचे म्हणतात, औषध उष्ण पडले, दोन दिवस सगळ्याच गोळ्या बंद ठेवा, ताक पाजा. हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि तो जीव घेऊ शकतो. तापात शरीराला कॉर्टिसॉल अधिक हवे असते. अशा वेळी डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे हायड्रोकॉर्टिझोनची मात्रा दुप्पट-तिप्पट करायची असते. उलटीतून गोळी बाहेर पडत असेल तर वेळ न घालवता इंजेक्शन लागते. मोठ्या माणसाला हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलिग्रॅम, आणि सोबत शिरेतून सलाइन. अति थकवा, पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधारी, गुंगी, हातपाय गार पडणे ही त्याची चिन्हे होत. या इंजेक्शनची कुपी घरात ठेवावी, ते कसे द्यायचे हे घरातील एकाने शिकून घ्यावे, आणि रुग्णाच्या खिशात मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांतले कार्ड असावे. 'मी हायड्रोकॉर्टिझोनवर आहे. बेशुद्ध आढळल्यास प्रथम हे इंजेक्शन द्यावे.' प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना आणि वस्तीतील आशाताईंना हे आधीच जाऊन सांगून ठेवावे. या सगळ्याचा खर्च फार नाही. त्यासाठी मोठे इस्पितळ लागत नाही, समजूतदार शेजार लागतो.

थोड्या रुग्णांवर संशोधन कसे होते?

सामान्य रोगात एका मोठ्या रुग्णालयात वर्षभरात हजार रुग्ण मिळतात. येथे एका केंद्राला दहा मिळाले तरी पुष्कळ. म्हणून देशोदेशींच्या केंद्रांनी एकत्र येण्यावाचून गत्यंतर नव्हते. युरोपात २००२ साली अधिवृक्क ग्रंथीच्या गाठींचा अभ्यास करणाऱ्यांचे जाळे उभे राहिले. जर्मनीत २००३ मध्ये वुर्झबर्ग येथे ब्रुनो अलोलिओ, मार्टिन फास्नाख्ट यांच्या पुढाकाराने या रुग्णांची नोंदवही सुरू झाली. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचे प्रसिद्ध फुटबॉल प्रशिक्षक बो शेम्बेकलर यांच्या पत्नी मिली या १९९२ साली याच रोगाने निवर्तल्या. त्यांच्या नावे उभ्या राहिलेल्या निधीतून तेथे अधिवृक्क कर्करोगाचे संशोधन व उपचार यांचे काम वाढले, आणि २००३ साली त्याच ॲन आर्बर गावी जगभरच्या तज्ज्ञांची परिषद भरली.

या एकजुटीचे फळ म्हणजे या रोगावरील पहिली मोठी तुलनात्मक चाचणी. २००४ ते २००९ या काळात १२ देशांतील ४० केंद्रांनी मिळून पसरलेल्या रोगाचे ३०४ रुग्ण जमविले. मायटोटेनबरोबर तीन औषधे एकत्र द्यावीत की स्ट्रेप्टोझोसिन हे एकच, हा प्रश्न होता. २०१२ साली निष्कर्ष आला. तीन औषधांच्या गटात रोग सरासरी ५ महिने थोपला, दुसऱ्या गटात २.१ महिने. एकूण आयुष्य मात्र १४.८ विरुद्ध १२ महिने, आणि हा फरक निर्विवाद ठरण्याइतका मोठा नव्हता. आकडे निराश करणारे आहेत, ते आम्ही लपवीत नाही. पण १९७० पासून ४२ वर्षे जो उपचार बव्हंशी अंदाजाने चालला होता, त्याला प्रथमच मोजलेला आधार मिळाला.

दुसरी चाचणी आम्हाला अधिक बोलकी वाटते. गाठ पूर्ण निघाली, रोग उलटण्याचा धोकाही कमी, अशा रुग्णांनाही मायटोटेन द्यावे काय? २००८ ते २०१८ या दहा वर्षांत सात देशांतून मिळून फक्त ९१ रुग्ण आले. ठरविलेली संख्या गाठलीच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, पाच वर्षे रोग न उलटलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७९ टक्के आणि नुसत्या देखरेखीखाली असणाऱ्यांत ७५ टक्के होते. म्हणजे फरक नाही म्हटले तरी चालेल. या ९१ जणांनी चिठ्ठी टाकून गट ठरविण्यास संमती दिली, म्हणून त्यांच्यामागून येणारे कित्येक रुग्ण मळमळ, चक्कर आणि वर सांगितलेली सारी जोखीम यांतून वाचू शकतात.

आणखी एक उदाहरण. १९८० साली अमेरिकेत एका ४८ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीची गाठ काढण्यात आली. त्या गाठीतील पेशी प्रयोगशाळेत जगविण्यात आल्या आणि १९९० मध्ये एच-२९५ या नावाने शास्त्रज्ञांपुढे आल्या. पुढे कित्येक वर्षे या कर्करोगाचे प्रयोगशाळेतील बहुतेक संशोधन याच एका स्त्रीच्या पेशींवर चालले. नव्या पेशीमालिका २०१८ च्या सुमारास आल्या. इतकेच नव्हे, एखादे रसायन माणसाच्या संप्रेरकांत बिघाड करते काय, हे पाहण्याच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीपद्धतीतही याच पेशींचा वंश वापरतात. त्या बाईंचे नाव जगाला ठाऊक नाही.

बालकांच्या बाबतीत ब्राझीलचा अनुभव मोलाचा आहे. दक्षिण ब्राझीलमध्ये हा रोग मुलांत इतर देशांच्या दहा ते पंधरा पट आढळतो. २००१ साली कारण सापडले. टीपी-५३ नावाच्या जनुकातील एक विशिष्ट बदल तेथील कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. तेथील पराना राज्यात १ लाख ७१ हजार ६४९ नवजात बालकांची तपासणी झाली, त्यांत ४६१ बालकांत हा बदल आढळला. त्यांतील जी मुले नियमित तपासणीत राहिली, त्यांच्या गाठी लहान असतानाच हाती लागल्या. इतर देशांतही हा कर्करोग झालेल्या मुलांपैकी निम्म्या किंवा अधिक मुलांत याच जनुकाचा जन्मजात दोष असतो. म्हणून आजारी मुलाची जनुकीय तपासणी करतात, आणि दोष निघाला तर आई-वडील व भावंडांचीही. येथे एक सावधगिरी हवी. असा दोष निघाला म्हणून सुनेला किंवा तिच्या माहेराला बोल लावणारे महाभाग आपल्यात आहेत. दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, आणि कधी कोणाकडूनच न येता नव्याने उद्भवतो.

२०१६ साली अमेरिकेतील कर्करोग-जनुक प्रकल्पाने ९१ गाठींचा सखोल अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून कोणती गाठ उलटेल याचा अंदाज बांधणे सुधारले. पेम्ब्रोलिझुमॅब, कॅबोझँटिनिब यांसारखी नवी औषधे काही थोड्या रुग्णांना उपयोगी पडल्याचे अनुभव आहेत. रोग मुळापासून घालवणारे औषध अद्याप नाही.

आपण काय करू शकतो?

भारतातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग-नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, आणि ग्रामीण भागातील पहिली १९८७ साली आपल्याच बार्शीत. तेव्हा नोंद ठेवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पाच लाख वस्तीच्या दोन-तीन तालुक्यांत असा रुग्ण वर्षा-दोन वर्षांतून एखादाच निघेल. तो घरीच, निदानावाचून गेला तर नोंद शून्य राहते. शून्य नोंदीच्या रोगासाठी कोणी औषध मागवीत नाही.

म्हणून पहिले काम कागदांचे. डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजीचा अहवाल, स्कॅनची सीडी, संप्रेरकांचे जुने आकडे हे सर्व एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसरे मत घ्यायचे किंवा संशोधनाला द्यायचे, तर हाच ब्लॉक लागतो. तो कोठे आहे व किती वर्षे ठेवला जाईल हे विचारून लिहून घ्यावे. ज्या घरात वाचणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी हे काम वस्तीतील कॉलेजच्या मुलाने करावे.

दुसरे काम सोबतीचे. परळच्या टाटा रुग्णालयात खेपा घालायच्या म्हणजे रोजगार बुडतो. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेल्वेत स्लीपर व थ्री-टायर वातानुकूलित डब्यात कर्करुग्णाला पूर्ण सवलत व सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. पण अर्ज कोठे द्यायचा, शिक्का कोणाचा घ्यायचा, हे माहीत असलेला माणूस बरोबर लागतो. मंडळांनी निधी गोळा करताना एकरकमी मोठी देणगी जाहीर करण्यापेक्षा दरमहाची रक्त-तपासणी आणि हायड्रोकॉर्टिझोनचा खर्च वर्षभर उचलावा, असे आम्ही सुचवितो. फोटो चांगला येणार नाही, पण रुग्णाला त्याचाच उपयोग अधिक.

तिसरे, संशोधनात भाग घेण्याचे. रुग्णाने हो म्हणावे की नाही म्हणावे, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र सही करण्यापूर्वी संमतिपत्र मराठीतून मागावे, घरी नेऊन वाचावे, वाचून दाखवून घ्यावे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते, आणि बाहेर पडले म्हणून नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. भारतातील चाचण्यांची सरकारी नोंदणी २००७ पासून चालू आहे व ती कोणालाही पाहता येते. ज्या चाचणीबद्दल आपल्याला विचारले जात आहे तिचा नोंदणी-क्रमांक मागावा, आणि तो संमतिपत्राच्या प्रतीवर लिहून ती प्रत वर सांगितलेल्या पिशवीत ठेवावी.